सायीवर बसलेले जंत

चुळबुळ खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि मघाशी दिसलं होतं तेच पुन्हा पाहिलं. मग पुन्हा उठली. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनी मान वर केली नाही. ती एका जागी बसली असती तर त्यांना काळजी वाटली असती.

चुळबुळ हे नाव मामाने ठेवलेलं. आई आजारी असायची म्हणून लहानपणीची बरीच वर्षं तिने मामा-मामीकडे काढली. मामाचं काचेचं दुकान. तिथे तिला सांभाळणं म्हणजे जिवंत बेडकं तराजूत तोलण्यासारखं होतं. चहूकडे काचा उभ्या, आणि मधून ही पोर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेय. पुढे ती शिकली, संशोधक झाली, चष्मा लागला, कानाशेजारचे केस पांढरे झाले, पण नाव काही सुटलं नाही. तिनेही सोडवायचा प्रयत्न केला नाही. खोटं थोडंच होतं ते?

तिचं काम सूत्रकृमींवर चालायचं. हा कृमी एवढासा, की छापील ओळीतल्या स्वल्पविरामावर ऐसपैस आडवा व्हावा, आणि अंगाने पारदर्शक. कंपवातात माणसाच्या मेंदूतल्या ज्या जातीच्या पेशी एकेक करून मरतात, तशा पेशी माणसाकडे लाखांनी असतात. ह्याच्याकडे इनमीन आठ. त्या आठ हिरव्या चमकाव्यात अशी सोय करून ठेवलेली, आणि माणसाच्या पेशींना मारणारं ते खराब प्रथिन ह्याच्याही पेशींत साठावं, अशीही. मग भिंगाखाली फक्त बघायचं. आठ दिवे लागलेत, सहा लागलेत, का चारच राहिलेत. जिवंत माणसाच्या मेंदूत असं डोकावायला कोण देणार? म्हणून हा कृमी. मामा त्याला सरळ जंत म्हणायचा, आणि ती घरात आली की मामी आधी तिला हात धुवायला पाठवायची.

जेवण समोर आलं की वेग कमी करायचा, एवढं एक काम हा कृमी त्या आठ पेशींकडून करून घेतो. प्लेटमध्ये खळीसारख्या थरावर जिवाणूंची पातळ साय धरलेली असते. तेच त्याचं अन्न. धडधाकट कृमी सायीवर पोचला की रेंगाळतो, निवांत चरतो. पेशी गेलेला कृमी मात्र सायीतूनही तसाच सुसाट निघून जातो, पोट रिकामं असलं तरी.

मध्यंतरी तिने एका रानटी मुळीची पावडर घेतली. दुकानात ताकदीसाठी म्हणून डब्यातून विकतात तीच. पावडर मिसळलेल्या प्लेटवर तिने आपले आजारी कृमी वाढवले, पिढ्यामागून पिढ्या. अन्न संपत आलं की प्लॅटिनमच्या बारीक तारेने थोडे कृमी उचलायचे आणि नव्या प्लेटवर सोडायचे, की पुढची पिढी सुरू. काही महिन्यांत तिचे कृमी सुधारले. आठच्या आठ दिवे. बिनपावडरीच्या प्लेटवर मात्र नेहमीप्रमाणे अंधार पडत होता. मोजणीत तिने गफलतीला जागा ठेवली नव्हती. प्लेटांवरच्या खुणा दुसऱ्याकडून झाकून घ्यायची आणि कुठली प्लेट कशाची हे स्वतःला कळू न देता मोजायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणजे दुधावरची सायही दोनदा तपासून घेणाऱ्या. त्यासुद्धा म्हणाल्या, की ह्यात काहीतरी आहे.

एवढं ऐकून गप्प बसली असती तर ती चुळबुळ कसली? त्याच संध्याकाळी मामाकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मामाला कंपवात होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. काच कापायची म्हणजे हिरकणीने एका दमात, एकाच दाबाने रेघ ओढायची असते. रेघ मध्ये अडखळली की काच भलतीकडे फुटते. उजवा हात थरथरायला लागला तसं मामाने मोठ्या काचा घेणं सोडलं आणि हात खिशात घालून बोलायची सवय लावून घेतली. त्या दिवशी भाचीचं बोलणं ऐकता ऐकता त्याने हात खिशातून बाहेर काढला. तिने बजावलं होतं, नाही असं नाही. माणसाचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं सगळं ती म्हणाली होती. पण हसत हसत म्हणाली होती, आणि हसून दिलेली ताकीद कोण मनावर घेतं? आठवड्याच्या आत मामाने पावडरीचा डबा आणला. तिने डब्यावरचं वाचलं, विषारी काही दिसलं नाही, आणि काणाडोळा केला. खरं सांगायचं तर तिला मनातून बरंच वाटलं.

आणि मामा सुधारला. तिला तर तसंच दिसत होतं. "उद्या चारला ये," असा मामाचा फोन यायचा, आणि ती गेली की मामा दुकानात टेबलाशी उभा. हिरकणी टेकवायचा, रेघ ओढायचा, काच टेबलाच्या कडेवर धरून टचकन तोडायचा. कड अशी सरळ, की बोट फिरवत राहावं. मग विचारायचा, जंत काय म्हणतात? परत जाताना ती रस्त्याने जवळजवळ पळत सुटायची. पन्नाशीला आलेल्या बाईने असं पळू नये हे तिला कळायचं, पण पाय ऐकायचे नाहीत.

आता भिंगाखाली जे दिसत होतं त्याने ह्या सगळ्यावर पाणी पडलं होतं.

काम मॅडमनीच लावलेलं. कंपवाताच्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मेळाव्यात हा शोध सांगायचा होता, आणि त्याआधी मॅडमचा हट्ट, की शीतपेटीत गोठवून ठेवलेले मूळचे कृमी काढा आणि पहिल्यापासून करून बघा. हे कृमी गोठवले तरी मरत नाहीत. वर्षांनी ऊब दिली तरी उठून चालायला लागतात. तिने ते उठवले, पावडरीवर ठेवले. त्यांचे दिवे विझत गेले, पावडर नसती तर विझले असते तसेच. मग तिने उलटं केलं. आपले सुधारलेले कृमी बिनपावडरीच्या प्लेटवर सोडले. त्यांचे दिवे लखलखीत. त्यांच्या पिल्लांचेही.

म्हणजे पावडरीचा ह्यात काही संबंध नव्हता. तिने मॅडमना बोलावलं. मॅडमनी बघितलं, मग म्हणाल्या, "एक नवी प्लेट कर बघू. नेहमी करतेस तशीच. मी नुसती उभी राहते."

चुळबुळने तार ज्योतीवर धरून लाल केली, निवू दिली, प्लेट उघडली. पहिला कृमी उचलला. दुसरा उचलला. तिसऱ्याला तिचा हात थांबला. मॅडमना काही सांगावं लागलं नाही.

ती सायीवरचेच उचलत होती.

दुसरं कुणी असतं तर कदाचित हे झालं नसतं. भिंगाखाली तार धरून पळत्या कृमीचा पाठलाग करायचा म्हणजे मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतं, आणि तिच्यात तेवढा धीर कधीच नव्हता. सायीवर बसलेले लगेच हाती लागतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तर जगच सांगतं. पण सायीवर बसतो कोण? ज्याच्या पेशी शाबूत आहेत तो. ज्याच्या वंशात ते खराब प्रथिन पिढीगणिक आपोआप कमी होत चाललंय तो. दर पिढीला तिने त्यांनाच उचललं, त्यांचाच वंश वाढवला, आणि खरे आजारी होते ते कडेकडेने पळत जुन्या प्लेटवर राहिले आणि प्लेटबरोबर फेकले गेले. बिनपावडरीच्या प्लेटा दर वेळी शीतपेटीतल्या मूळच्या कृमींपासून व्हायच्या, म्हणून तिथला आजार जसाच्या तसा राहिला. मोजताना तिने डोळ्यांवर पट्टी बांधली होती. वेचताना डोळे उघडे होते आणि त्यांनी सोयीचं तेवढंच पाहिलं.

मॅडम रागावल्या नाहीत. हे माझ्याही ध्यानात यायला हवं होतं, असं म्हणाल्या. मेळाव्याचं मी कळवते, अजून कुणाला काही सांगितलेलं नाही हे नशीब, असंही म्हणाल्या. मॅडमना मामा माहीत नव्हता.

तिने मामाला फोन लावला. मामीने उचलला, आणि मामा झोपलाय असं सांगितलं. भर दुपारी मामा कधी झोपला नव्हता. मी आत्ता येते, म्हणाल्यावर मामी गडबडली. उद्या चारला ये, तो चारलाच ये म्हणतो ना, असं तिने दोनदा सांगितलं. बरं, येताना गोळ्या आणू का, मागच्या संपल्या असतील, असं चुळबुळने विचारलं. मामाच्या गोळ्या दर महिन्याला तीच आणून द्यायची.

"नको," मामी म्हणाली. "आहेत अजून पुष्कळ."

फोन ठेवल्यावर ती प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहिली. पुष्कळ कशा असतील? तिने मनातल्या मनात हिशेब केला, मग तो खोटा ठरावा म्हणून परत केला. मामा पावडर गोळीच्या जोडीला घेतोय असं ती धरून चालली होती. विचारलं मात्र एकदाही नव्हतं. त्या संध्याकाळी ती घरी गेली, बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली, ताट वाढून घेतलं आणि दोन घास खाऊन उठली. उद्या त्याला काय सांगायचं? की मामा, ज्या पावडरीवर तू एवढा सुधारलास तिच्यात काही नाही? तो सुधारलाय हे तर डोळ्यांनी दिसतंय. मग नुसत्या विश्वासाने सुधारला असेल तर तो विश्वास आपण कुठल्या तोंडाने काढून घ्यायचा? कंपवातात विश्वासानेही काही काळ हात स्थिर होतो, हे तिला पुस्तकांतून ठाऊक होतं. न सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. काही बिघडणार नाही, तो आनंदात आहे. पण गोळ्या पुष्कळ उरल्यात.

चार वाजेपर्यंत थांबणं तिला जमणार नव्हतंच. सकाळी दुकानं उघडायच्या आत ती मामाच्या दारात उभी होती.

मामीने दार अर्धवट उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. केस विंचरलेले नव्हते, हातात काठी. "आत्ता कशी काय तू?" एवढंच म्हणाली. चुळबुळ तिच्या हाताखालून आत शिरली, लहानपणी शिरायची तशी.

मामा न्हाणीच्या दारात उभा होता. एक बाही अंगात, दुसरी लोंबत. चेहरा भिंतीसारखा कोरा, आणि पाय जमिनीला कुणी खिळ्यांनी ठोकल्यासारखे. वरचं अंग पुढे झुकलं होतं पण पाऊल उचलत नव्हतं. मामी पुढे गेली, वाकली आणि काठी त्याच्या पावलांसमोर आडवी धरली. मामाने काठीकडे बघितलं, पाय उचलला, काठी ओलांडली. तिने काठी पुढे सरकवली. त्याने पुन्हा ओलांडली. असं करत दोघं खुर्चीपर्यंत आले. दोघांच्या हालचालीत एवढा सराव होता, की हे काही आज-कालचं नाही, हे चुळबुळला विचारावं लागलं नाही.

"घड्याळ बिघडलं वाटतं तुझं," मामा म्हणाला. आवाज इतका खोल गेलेला, की तिला वाकून ऐकावं लागलं. त्याने उजवा हात खिशात घालायचा प्रयत्न केला. हाताला खिसा सापडेना.

मामीने काठी भिंतीला टेकवली. "आता मी सांगते," ती म्हणाली. "मला नाही हे झेपत. गोळ्या बंद केल्यात त्याने. तू यायची असलीस की त्या दिवशी तीनला एक घेतो, ती लागू झाली की दुकानात जाऊन उभा राहतो. तू गेलीस की रात्रीपर्यंत पुन्हा हे असं."

चुळबुळने मामाकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली, शाळा बुडवलेल्या पोरासारखी.

"तुझ्या जंतांना कुठे गोळी होती?" तो म्हणाला. "तूच म्हणालीस, नुसती पावडर. दोन्ही घेतलं असतं तर कशाने बरं वाटलं ते तुला कसं कळलं असतं?"

तिला काय वाटलं ते सांगायला नको. तिथल्या तिथे धरणी दुभंगली असती तर ती खुशाल आत गेली असती. माणसाला किड्यासारखं वागवू नये म्हणून जगात किती नियम केलेत, आणि तिच्या मामाने आपणहून स्वतःची प्लेट करून घेतली होती, तिच्यासाठी. तिने फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. डॉक्टर तिच्यावर चांगलेच तापले. अशा गोळ्या एकाएकी बंद केल्या तर काय होऊ शकतं, हे त्यांनी तिला खडसावून सांगितलं, शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं, आत्ता किती द्यायची ते सांगितलं आणि दुपारी घेऊन या म्हणाले. मामीने गोळी आणली. मामाने ती जिभेवर ठेवली, मामीने पेला धरला, थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. ते तिने पदराने टिपलं.

मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. गोळी लागू व्हायला वेळ लागतो. चुळबुळ खिडकीशी गेली, दाराशी गेली, पाण्याचा पेला उचलून आत ठेवून आली. हे आत्ताच बोललं नाही तर आपण कधीच बोलणार नाही, हे तिला समजलं. ती मामासमोर जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. पावडरीत काही नाही, मामा. तार घेऊन ती कुठले जंत उचलायची, कुठले सोडायची, का सोडायची, सगळं सांगितलं. डोळे बांधून मोजलं ते सांगितलं. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा हात कसा थांबला, तेही. मध्ये मध्ये तिला वाटत होतं, आता हा कोसळणार. मामी भिंतीला टेकून ऐकत होती.

मामाने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही उमटायचं तर आता त्याच्या चेहऱ्याला ते जमत नव्हतं.

"म्हणजे जंतांनासुद्धा पावडरीने काही झालं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही, मामा. चूक माझी होती. सगळी माझी."

मामाने श्वास सोडला. मोठा, लांब, छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा. तिला आधी समजलंच नाही. मग तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, तर तिथे सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"मग माझं काही चुकत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, एवढ्याशा जंतांना जमतंय आणि मला जमत नाही. चमचा तोंडाशी नेताना हात हलतो, निम्मी पावडर टेबलावर सांडते, म्हणून गुण येत नसेल. रोज सांडलेली बोटाने टिपून टिपून खायचो गं मी."